लिंबाजीचं निळं वाडगं

भोकरात लिंबाजी गजभारे रस्त्यात भेटला की लोक आधी त्याच्या बोटांकडे बघतात, तोंडाकडे मागाहून. बोटं पिवळी असली की हळदीचे दिवस चालू आहेत. नखं काळी असली की खिळ्यांचं पाणी. आणि गडी कोपरापर्यंत जांभळा दिसला तर घरात बायकोनं बोलणं टाकलंय, हे विचारायलाही लागत नाही. बँकेतल्या मॅडमनी एकदा त्याला सांगितलं, काका, हात पुसून या आणि मग सही करा. ते पुसलेलेच हात होते.

हे खूळ त्याला म्हातारपणी लागलं असं लोक म्हणतात. साफ खोटं. खूळ जुनंच, फक्त तीस वर्षं दाबून ठेवलेलं. लिंबाजी नांदेडात एका सरकारी वर्कशॉपात लेथवर होता. लाकडाचा ठोकळा फिरवायचा, पटाशी लावायची आणि गोल काहीतरी काढायचं. टेबलांचे पाय, साहेबांच्या खुर्चीचे गोळे, रबरी शिक्क्यांच्या मुठी. मराठवाड्यातल्या कितीतरी अर्जांवर 'नामंजूर' उमटलं, त्या शिक्क्याची मूठ लिंबाजीच्या हातची होती. त्याला स्वतःला कुणाचाच अर्ज नामंजूर करायचा नव्हता, पण मूठ मात्र गुळगुळीत करून द्यायचा. आणि या सगळ्याला रंग एकच, चॉकलेटी. तीस वर्षं चॉकलेटी. एकदा त्यानं धीर करून साहेबांना विचारलं, "सर, एखाद्या टेबलाचे पाय हिरवे करून बघू का?" साहेबांनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "लिंबाजी, घरी सगळं ठीक आहे ना?"

मग रिटायर झाल्यावर त्यानं भोकरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी लेथ बसवली आणि वाडगी करायला घेतली. वाडगीच का, तर वाडग्याला आतून आणि बाहेरून अशी दोन अंगं असतात. म्हणजे रंगवायला दुप्पट जागा. एकच अंग रंगवून सोडायचं त्याला पटायचं नाही. अर्धवट काम सरकारी, असं तो म्हणायचा, आणि त्याला ते माहीत असायलाच हवं.

पहिली हळद. वाडगं असं पिवळंधमक झालं की त्यानं ते गल्लीत तीन घरी दाखवून आणलं. पंचशीलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते साबणानं धुतलं तर लालभडक. लिंबाजीला वाटलं, शोध लागला. त्यानं ते उन्हात वाळत ठेवलं, आणि चार दिवसांत पिवळाही गेला, लालही गेला, राहिलं ते आजारी माणसाच्या तोंडासारखं काहीतरी. मग बीट. बिटाचा रंग जमला, पण मुंग्यांनाही तो जमला. मग कुणीतरी सांगितलं की गंजके खिळे आंबट ताकात आठ दिवस ठेवायचे आणि ते पाणी बाभळीच्या लाकडाला पुसायचं, लाकूड कोळशासारखं काळं होतं. हे खरं निघालं. एवढंच झालं की आठव्या दिवशी लिंबाजीनं खिळे काढून घेतले, ताकाचं भांडं ओट्यावर तसंच ठेवलं, आणि पंचशीलानं त्याची कढी केली. लसणाची फोडणी पडली आणि कढी पाटीच्या रंगाची झाली. तिनं कढीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"आजपासून कायदा," ती म्हणाली. "ज्या भांड्यावर चिठ्ठी न्हाई, ते माझं. त्यातलं मी शिजवीन न्हाईतर फेकीन, तुम्ही विचारायचं न्हाई."

तेव्हापासून गजभाऱ्यांच्या घरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या. 'ताक, खिळ्यांचं, खाऊ नये.' 'पळसफुलं, शरबत नव्हे.' त्यांची लेक लुंबिनी सुट्टीत घरी आली की म्हणायची, आपल्या घरात पाणी प्यायच्या आधी वाचावं लागतं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. खरी फजिती झाली ती लुंबिनीच्या लग्नात, आणि ती लिंबाजीच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली.

लुंबिनी लातूरला दिली. जावई प्रीतम लाखात एक. व्याही आनंदराज सर, रिटायर्ड मुख्याध्यापक, पांढऱ्या कपड्यांचे, इस्त्रीला घडी चुकली तरी परत करणारे. उभी हयात त्यांनी शाळाशाळांतून व्यसनमुक्तीवर भाषणं दिली. पान, तंबाखू, गुटखा यांचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचा आवाज चढायचा. अशा माणसाला लिंबाजीनं मांडवात मानानं खीर वाढली ती स्वतः केलेल्या लाल वाडग्यात. लाल रंग रंगाऱ्याकडच्या पुडीचा, आतून बाहेरून दोन्हीकडे, आणि वरून लाखेचा हात जेमतेम एक, कारण घाई. खीर गरम होती. ती गुलाबी झाली. सरांना वाटलं गुलाबाचा अर्क असेल. त्यांनी कौतुक केलं आणि आणखी मागितली.

मग फोटो निघाले. एकूण दोनशे चाळीस फोटोंत आनंदराज सर हसत होते, आणि दोनशे चाळीस फोटोंत त्यांचं तोंड पान खाल्ल्यासारखं लाल होतं. दात लाल, ओठ लाल, जीभ तर तीन दिवस लाल. त्यातला मोठा फोटो फ्रेम करून लातूरच्या बैठकीत लागला, कारण नवरानवरी तेवढ्या एकाच फोटोत डोळे उघडे ठेवून होती. येणारा जाणारा फोटो बघायचा आणि म्हणायचा, सर, तुम्ही सुद्धा? सर कुणाला काही बोलले नाहीत. लिंबाजीलाही बोलले नाहीत. पण त्यानंतर दोन वर्षं ते भोकरला आले तरी चहावर भागवायचे, जेवायला थांबायचे नाहीत. आणि कुठल्याही फोटोत तोंड उघडायचे नाहीत. ओठ आवळून उभे. नातेवाइकांत कुठलाही अल्बम उघडला की लिंबाजीला ते आवळलेले ओठ आधी दिसायचे, आणि त्याची मान खाली जायची.

तर यंदा वैशाख लागला आणि लुंबिनीचा फोन आला. ती शिरूर अनंतपाळच्या तहसीलात नोकरीला, राहायला लातूर, आणि दोघांनी मिळून घर बांधलेलं. बुद्धपौर्णिमेला वंदना घेऊन गृहप्रवेश करायचा ठरला होता. आईच्या महिला मंडळानं गाणी म्हणायला यायचं, अकराच्या अकरा बायांनी. हे सगळं सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली.

"बाबा, वाडगं नका आणू हं. स्टीलचं काहीतरी आणा. डबा आणा."

"हाव," लिंबाजी म्हणाला.

फोन ठेवून तो शेडमध्ये जाऊन बसला. लेथ चालू केली नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि पोरीचं चुकत नव्हतं म्हणून जास्त वाईट वाटलं होतं. मग तो उठला आणि फळीवरून एक ठोकळा काढला. माहूरला गडाखाली लाकडी खेळणी विकणारा शिवमूर्ती नावाचा त्याचा दोस्त, त्यानं दिलेलं कुड्याचं लाकूड. दुधासारखं पांढरं. लिंबाजीनं ते वर्षभर जपून ठेवलं होतं, निळ्यासाठी.

निळा त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलेला. पिवळसर लाकडावर निळा चढत नाही, कारल्यासारखा हिरवा होतो, हे त्यानं दोनदा बघितलं होतं. आणि हळदीशी चुकलं तर चुकलं, पण चौदा एप्रिलला जो रंग खांद्यावर घेऊन मिरवायचं, तोच आपल्या हातानं फिका पडला तर माणसानं तोंड कुठं दाखवावं? पण कुडा पांढराशुभ्र. यावर निळा निळाच दिसणार. लिंबाजीनं ठरवलं, सरांनी या वाडग्यात खीर खायची, आणि खाऊन झाल्यावर तोंड उघडून हसायचं. स्टीलचा डबाही नेऊ, पिशवीत तळाशी.

वाडगं दोन दिवसांत उतरलं. अडलं ते रंगापाशी. आत रंग लावला आणि लाखेतून चुकून थेंबभर जरी सुटला, तर यावेळी व्याह्यांची जीभ निळी. जेवणाआधी तो वाडगं पुढ्यात ठेवून बघत बसला. पंचशीला भेंडी चिरत होती.

"रंग भायेरून लावा की," ती मान वर न करता म्हणाली. "खीर काय माणूस भायेरून खातो व्हय?"

लिंबाजीनं वाडगं उपडं करून बघितलं. तीस वर्षांच्या नोकरीत एवढे इंजिनिअर भेटले, एकाला हे सुचलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ते माझ्या डोक्यात होतंच." ते नव्हतं. इथं तरी खरं लिहायला हवं.

आता आत थेंब न जाता बाहेरून सारखा रंग कसा बसवायचा? ब्रशानं ओघळ येतात. लिंबाजीनं युक्ती काढली. वाडगं नावेसारखं रंगात तरंगत ठेवायचं. त्याला मोठं भांडं लागणार, आणि घरात मोठा एकच, पंचशीलाचा कपड्यांचा टब. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ती विहारात गेलेली बघून त्यानं टब अंगणात ओढला. पाणी भरलं, घरातली कपड्यांच्या निळीची बाटली त्यात उपडी केली, दुकानातून आणलेल्या आणखी दोन ओतल्या, वर निळ्या रंगाची पुडी आणि रंग धरायला मूठभर तुरटी. वाडगं पाण्यावर सोडलं आणि आत मूठमूठ शेंगदाणे टाकत गेला. प्रत्येक मुठीला वाडगं केसभर खाली. काठापासून बोटभर राहिलं तेव्हा तो थांबला, आणि रंग धरेस्तोवर तिथंच उकिडवा बसून राहिला. शेंगदाणे खावेसे वाटले तरी खाल्ले नाहीत, कारण वाडगं वर आलं असतं.

रंग बसला. असा बसला की लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाडगं घेऊन शेडमध्ये पळाला, लेथवर चढवलं आणि फिरत्या लाकडाला लाखेची कांडी लावून बाहेरून रंगावर आणि आतून कोऱ्या लाकडावर हातावर हात चढवत बसला. एक नाही, पाच हात. टब अंगणात तसाच. त्यावर चिठ्ठी लावायचं त्याच्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोला. पण बायकोच्याच टबावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची म्हणजे चोरानं पावती देण्यातला प्रकार.

इकडे पंचशीला विहारातून आली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. पौर्णिमेला नेसायची मंडळाची अकरा पांढरी सुती पातळं. धुवून झालेली, फक्त निळीतून काढायची राहिलेली, सगळ्यांची एकदम काढली म्हणजे पांढरेपणा सारखा येतो. अंगणात येऊन बघते तर टब भरलेला, पाणी निळं, आणि शेजारी रिकाम्या बाटल्या.

बत्तीस वर्षांच्या संसारात लिंबाजीनं कपड्याला हात लावला नव्हता. पंचशीला उभी राहिली. तिनं पदरानं डोळे टिपले आणि मंडळाच्या म्होरक्या सोजरबाईला फोन लावला.

"आमच्या ह्यांनी नीळ कालवून ठेवलीया. हाव, ह्यांनीच. मी काई सांगितलंबी नव्हतं."

"तब्येत बरी हाय ना त्यांची?" सोजरबाईनं विचारलं.

रंग जरा जास्त गडद वाटला पंचशीलाला. पण पुरुषाच्या हाताला अंदाज नसतो, हे तिनं समजून घेतलं. अकरा पातळं बुडवली. निळीत कापड बुडवून लगेच काढायचं असतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या दिवशी मन भरून आलेलं. ती आधी आत गेली, आल्याचा चहा टाकला, डॉक्टरनं बंद केलेली साखर दोन चमचे घातली, आणि कप घेऊन स्वतः शेडमध्ये गेली.

लिंबाजी चहा प्यायला लागला. गोड चहा, तोही शेडमध्ये, तोही न मागता. त्याला वाटलं, वाडगं बघून खूश झाली असेल. पंचशीला अंगणात गेली आणि थोड्या वेळानं परत आली. तिच्या हातात एका पातळाचा पदर होता.

लिंबाजीनं पदराकडे बघितलं. पहिल्या क्षणी त्याला आनंदच झाला, काय रंग धरलाय म्हणून. दुसऱ्या क्षणी त्याला कळलं तो पदर कशाचा आहे.

"नीळ माझ्यासाठी कालवली नव्हती?" पंचशीलानं हळू विचारलं.

हो म्हणायला काही लागत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लिंबाजीनं कपातल्या चहाकडे बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "वाडग्यासाठी."

पातळं गेली त्याचं पंचशीलाला तेवढं वाटलं नाही. तिनं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि आत गेली. टबावर चिठ्ठी नव्हती, म्हणजे टब तिचा, आतलं पाणीही तिचं. कायद्यानं लिंबाजीला बोलायला जागाच नव्हती.

संध्याकाळी अकरा बाया अंगणात जमल्या. तीन पाण्यांतून काढून पातळं आभाळी निळी झाली होती आणि तिथंच थांबली होती. बाकीच्या कुजबुजत होत्या. सोजरबाईनं एक पातळ उजेडात धरलं.

"निळा काय परका हाय का आपल्याला?" ती म्हणाली. "सगळ्यांचा सारखा हाय. नेसू." मग ती लिंबाजीकडे वळली. "पण लिंबाजी, सुटायचा तर न्हाई ना?"

"तुरटी घातलीया मावशी," लिंबाजी छाती काढून म्हणाला. "मरेस्तोवर न्हाई सुटायचा."

पौर्णिमेला पहाटे क्रुझर निघाली. अकरा निळ्या बाया दाटीवाटीनं बसल्या, आणि ड्रायव्हरशेजारी लिंबाजी, मांडीवर कापडात गुंडाळलेलं वाडगं. लातूरपर्यंत पंचशीला त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. घर छान होतं. भिंतींना नुकताच पांढरा रंग दिलेला, बोट लावायची भीती वाटावी असा. त्रिशरण, पंचशील, वंदना झाली. मग मंडळ बैठकीतल्या लांब भिंतीला टेकून ओळीनं बसलं आणि गाणी सुरू झाली. दुसऱ्या गाण्याला लाईट गेली. वैशाखातलं लातूर, पंखे बंद, खोलीत साठ माणसं. बायांनी तास दीड तास गाणी म्हटली, घामानं निथळत म्हटली, पण सूर सोडला नाही.

मग खीर आली. लिंबाजीनं कापड सोडलं आणि वाडगं आनंदराज सरांपुढे धरलं. बाहेरून गर्द निळं, आतून दुधासारखं पांढरं, आणि काठाखाली दोन्हींची रेघ अशी सरळ की पट्टीनं ओढावी. लुंबिनीनं दुरून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

सरांनी वाडगं घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. खिशातून पांढरा रुमाल काढला, मागवलेल्या गरम पाण्यात बुडवला आणि बाहेरून घासला. रुमाल पांढरा. आतून घासला. पांढरा. मग खीर वाढून घेतली, चमच्यानं ढवळली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पाच मिनिटं थांबू," ते म्हणाले.

साठ माणसं पाच मिनिटं थांबली. पेपर वाटायच्या आधी वर्गात असते तशी शांतता होती. मग सरांनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. वाडगं संपवलं, आणखी मागून घेतलं, तेही संपवलं. मग मुलाकडे वळून त्यांनी सगळ्यांदेखत जीभ बाहेर काढली. प्रीतमनं वाकून बघितली.

"साफ आहे, बाबा."

"उत्तम," सर म्हणाले आणि वाडगं आपल्या शेजारी ठेवून घेतलं.

लिंबाजी खुर्ची ओढून बसला. दोन वर्षांचा काटा निघाला होता. त्यानं पंचशीलाकडे बघितलं, तर तीही बघत होती, आणि तिचा राग थोडा उतरल्यासारखा वाटत होता. ती उठली, खीर घ्यायला. तिच्यामागं सोजरबाई उठली. एकेक करत अकराही जणी उठल्या.

मागं भिंतीवर अकरा पाठी उमटल्या होत्या.

आभाळी निळ्या, ओळीनं. काही रुंद, काही बारीक, सोजरबाईची सगळ्यांत मोठी. लिंबाजीला आत्ता कळलं की वाडग्यावर लाखेचे पाच हात होते, पातळाला लाख लावता येत नाही. हे त्यानं बोलून दाखवलं नाही एवढं बरं केलं. त्याला वाटलं, आता सरळ भोकर गाठावं आणि लेथ भंगारात द्यावी.

आनंदराज सर उठले. हात मागं बांधून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, एकेका पाठीपुढं थांबत. शेवटच्या पाठीपाशी पोचले, वळले, लिंबाजीच्या निळ्या बोटांकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून हसू फुटलं. पोट धरून हसले, तोंड उघडून, सगळे दात दाखवून. त्यांना हसताना बघून बायाही हसायला लागल्या. प्रीतमनं मोबाईल काढून फोटो घेतला. मागं निळी भिंत, पुढं सर, आणि सरांचे दात पांढरेशुभ्र.

लुंबिनी पेन्सिल घेऊन आली. "आमच्याकडं कायदा आहे," ती सासऱ्यांना म्हणाली. "चिठ्ठी नसली की आई घेऊन जाते." तिनं एकेका पाठीखाली नाव लिहिलं. आईची कोणती ते कळेना, म्हणून पंचशीला पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली, बरोबर जुळली, आणि लुंबिनीनं तिच्याखाली लिहिलं, आई.

परतीच्या वाटेवर पंचशीला लिंबाजीशी बोलली. "टबात आजून पाणी तसंच हाय," ती म्हणाली. लिंबाजीनं घरी गेल्या गेल्या ते ओतलं.

दसऱ्याच्या आधी लुंबिनीचा फोन आला. वरच्या खोल्या रंगवायच्या होत्या म्हणून पेंटर आला होता. त्यानं खालची बैठक बघितली आणि स्वतःहून विचारलं, ही एवढी भिंत आत्ताच करून टाकू का?

"मग?" लिंबाजीनं विचारलं.

"प्रीतमच्या बाबांनी त्याला सांगितलं, त्या भिंतीला हात लावायचा नाही. आणि तो लग्नातला फोटो उतरवून त्यांनी नवा लावलाय."

लिंबाजीला पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी तो म्हणाला, "आवाज येईना गं, पुन्हा सांग."

लुंबिनीनं पुन्हा सांगितलं.